पायजम्यातला वाढदिवस आणि परातीतली खिचडी

लेकीने सातव्या वाढदिवसाला पायजमा पार्टी मागितली आणि घरात पहिली चर्चा सुरू झाली ती खाण्याची. कपड्यांचं काय, ज्याने त्याने रात्रीचा पायजमा घालून यायचं, येताना आपली उशी आणायची, संपला विषय. पण अशी अकरा मुलं घरात आली की त्यांच्या पानात काय पडणार, हे ठरवताना नेहमीच्या वाढदिवसाचा अनुभव मला काही उपयोगी पडेना. वेफर्स, समोसा, केकचा तुकडा आणि कागदी डिशमधली भेळ हा बेत बाहेरच्या कपड्यांतल्या मुलांचा आहे. ती मुलं तासा-दीड तासात घरी जातात. घरी गेल्यावर आई विचारते, "नीट जेवलास का?" आणि थोडा दहीभात पोटात जातोच. पायजमा घालून आलेलं मूल झोपायच्या तयारीने आलेलं असतं. त्याच्या आईने त्याचं रात्रीचं जेवण आपल्यावर सोपवलेलं असतं. ही जबाबदारी मला फार मोठी वाटते.

सासूबाईंना मी कल्पना समजावून सांगू लागले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "कपड्यांची अट म्हणजे बोरन्हाणासारखंच की गं," म्हणाल्या. खरंच की. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलाला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने चढवायचे आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या ओतायच्या. गोळा झालेली पोरं ते सगळं वेचून खातात. विशेष कपडे घालून करायचा मुलांचा समारंभ आपल्याकडे किती जुना आहे! बोरन्हाणाच्या खाऊची एक गोष्ट मला फार आवडते. तिथे कुणाची वेगळी बशी नसते. एकच ढीग, आणि त्यात सगळ्यांचे हात. सासूबाईंचं ते वाक्य नंतर सगळा बेत ठरेपर्यंत माझ्या डोक्यात होतं.

वाढदिवस जानेवारीच्या शेवटाला. त्या दिवसांत निफाडचा पारा घसरल्याची बातमी सकाळी पेपरात असते आणि संध्याकाळी आमच्या इंदिरानगरातसुद्धा खिडक्या लावून घ्याव्या लागतात. म्हणजे थंड पदार्थ बाद. इडलीचा विचार मनात आला, कारण मुलांना ती हातात धरून खाता येते. पण नाशिकच्या थंडीत पीठ रात्रभरात वर येईल याचा भरवसा नसतो. मेथ्या घाला, भांडं पांघरुणात गुंडाळा, ओव्हनमधला दिवा लावून आत ठेवा, तरी सकाळी ते जसंच्या तसं बसलेलं असतं. शनिवारच्या संध्याकाळी इतक्या मुलांना वाट बघायला लावण्याची माझी तयारी नव्हती.

मग मी एक सोपं काम केलं. प्रत्येक मुलाच्या घरी फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला: तुमचं पोर रात्री झोपायच्या आधी काय खातं? त्याला काय आवडतं, असं मी मुद्दाम विचारलं नाही. आवडीचं विचारलं की पिझ्झा, नूडल्स, पनीर चिली अशी उत्तरं येतात, आणि ती पोरांकडून कमी, आयांच्या संकोचातून जास्त येतात. रात्रीचं विचारलं की माणूस खरं बोलतं.

काय काय ऐकलं मी त्या फोनांवर! नाशिकरोडच्या एका मुलाचे आजोबा नोटांच्या छापखान्यात होते, १९२८ पासून चालू असलेल्या त्या जुन्या प्रेसमध्ये. ते अजून रोज रात्री नातवाला गरम दुधात पोळी कुस्करून देतात, वर थोडी साखर. देवळाली कॅम्पातली सिंधी आई म्हणाली, सकाळी दाल पकवान असेल तर पोरगी उड्या मारत उठते, पण रात्री मात्र साधा दालभात. जळगावकडच्या कुटुंबात खिचडी-कढी. "खान्देशात रात्री दुसरं काय असतं हो?" असं त्या बाई हसून म्हणाल्या. वडील अंबडच्या कारखान्यात कामाला आणि गाव गोरखपूरकडे, अशा एका घरी चावल-दाल किंवा खिचडी. मूळच्या रत्नागिरीच्या घरात मऊ भात, मेतकूट आणि तूप. सुरगाण्याहून आलेल्या शिक्षक जोडप्याची मुलगी नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी दुधात बुडवून खाते, आणि बरं वाटत नसलं की नागलीची पेज. नाशिक हे देवळांचं, द्राक्षांचं आणि मिसळीचं गाव म्हणून आपण बाहेरच्यांना सांगतो. रात्री नऊ वाजता हे गाव नक्की काय जेवतं, ते मला त्या फोनांनी सांगितलं. सगळ्या उत्तरांत भात, दूध, तूप आणि डाळ पुन्हा पुन्हा येत होते. तिखट कुठेच नव्हतं.

तीन फोनांवर मात्र मी वही काढून नीट लिहून घेतलं.

पहिला फोन मारवाडी जैन घरातला. ती मुलगी सूर्यास्तानंतर जेवत नाही. घरात तसं बघतच ती वाढली आहे आणि आता स्वतःहून पाळते. तिची आई म्हणाली, "तुम्ही काही त्रास घेऊ नका, ती पाच वाजता घरून खाऊन येईल." त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की मला वाटलं, ही मुलगी प्रत्येक वाढदिवसाला अशीच घरून खाऊन जात असणार. जानेवारीच्या शेवटी नाशिकला सूर्य मावळतो सहा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी. तेवढ्यासाठी जर सगळ्यांचं जेवण साडेपाचला ठेवलं तर काय बिघडतं? मी पार्टीची वेळच अलीकडे ओढली. चारला या, साडेपाचला जेवण, मग रात्रीपर्यंत खेळा. दुसऱ्या कुठल्याही आईने त्याबद्दल तक्रार केली नाही; उलट लवकर जेवून पोरं नीट झोपतील म्हणून दोघी-तिघींना बरंच वाटलं. कांदा, लसूण, बटाटा, गाजर नको, आणि आलंही नको, कारण तेही जमिनीखालचंच. हिरवी भाजी वर्ज्य असते अशी तिथी नव्हती, त्यामुळे हिरवा मटार चालणार होता. कढीबद्दल तिने एक गोष्ट आवर्जून सांगितली: ताक आधी गरम करायचं आणि मग त्याला बेसन लावायचं, कच्च्या दह्या-ताकात डाळीचं पीठ मिसळायचं नाही. मी सांगितलं तसंच केलं. कढी फुटू नये म्हणून आच बारीक ठेवून ढवळत राहावं लागलं एवढंच.

दुसरा फोन शेंगदाण्याचा. त्या मुलाने दाणे खाल्ले की ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, एकदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. मराठी स्वयंपाकघरात दाणा कुठे कुठे असतो हे असा पाहुणा येणार असला की कळतं. कोशिंबिरीत कूट, चटणीत कूट, साबुदाण्यात कूट, गूळपोळीच्या सारणातसुद्धा कित्येक घरांत तिळाच्या जोडीला कूट. आणि तेल! आमच्याकडे घाण्याचं शेंगदाणा तेल येतं. रिफाइंड तेलातून दाण्याची प्रथिनं बरीचशी निघून जातात, घाण्याच्या तेलात ती राहतात आणि ॲलर्जी त्या प्रथिनांचीच असते. त्यामुळे त्या दिवसाचा सगळा स्वयंपाक तुपात करायचं ठरवलं. मिक्सरचं भांडं, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा, सगळं आदल्या दिवशी घासून घेतलं. मिसळणाच्या डब्यातला चमचा कुटाच्या डब्यात जातो, तो रोजच्या सवयीने जातो, आणि अशा वेळी सवयच घातक. कुटाचा डबा मी कापडात बांधून वरच्या फळीवर ठेवून दिला. तिळाचंही विचारून घेतलं. तीळ त्याला चालतो.

तिसऱ्या फोनवर आई जरा थांबली आणि आवाज खाली करून म्हणाली, "तो अजून रात्री भरवल्याशिवाय जेवत नाही. वर्गात कुणाला माहीत नाही. प्लीज." त्या प्लीजने मला गलबलून आलं. सात वर्षांचा मुलगा, दिवसभर शाळेत डबा स्वतः खातो, मैदानात पुढे असतो, आणि रात्री दमला की त्याला आईचा हात हवा असतो. यात लपवण्यासारखं काही नाही, पण लपवावं लागतं, कारण मुलं चिडवतात. आता ह्या मुलाला माझ्या घरी कोण भरवणार, आणि बाकी दहा जणांसमोर कसं भरवणार?

या तीन मुलांसाठी तीन वेगळ्या ताटल्या करणं सोपं होतं. जैन मुलीची एक, दाण्याची ॲलर्जी असलेल्याची एक, आणि भरवायच्या मुलाला आत खोलीत नेऊन गुपचूप चार घास. बहुतेक घरी असंच करतात, आणि मायेनेच करतात. मला ते नको होतं. वेगळी ताटली समोर आली की मूल दोन क्षण खाली बघतं. हे मी लग्नाकार्यांत, शाळेच्या सहलींत, मुंजींत अनेकदा पाहिलं आहे. वाढदिवस माझ्या लेकीचा, पण त्या दिवशी माझ्या घरी कुणी खाली बघू नये, एवढी एकच गोष्ट मी धरून ठेवली. बाकी बेत तिच्याभोवती आपोआप बसत गेला. सगळ्यांना तेच, एकाच भांड्यातलं, एकाच वेळी.

म्हणजे मुगाच्या डाळीची खिचडी.

नणंदबाई आल्या होत्या मदतीला. त्यांनी ऐकलं आणि पदर खोचता खोचता थांबल्या. "वाढदिवसाला खिचडी? अगं, आजारी माणसाचं जेवण ते. आया काय म्हणतील?" त्यांचं म्हणणं मला कळत होतं. आमच्याकडे मंगल कार्याला खिचडी होत नाही. पण मी त्यांना गोरखपूरच्या घराबद्दल सांगितलं. संक्रांतीच्या सणालाच तिकडे खिचडी म्हणतात, त्या दिवशी नव्या तांदळाची उडदाची खिचडी होते आणि गोरखनाथाच्या मंदिरात लोक ती वाहायला जातात. एका घरचं पथ्य हे दुसऱ्या घरचं सणाचं जेवण असतं. ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "तूप मात्र सढळ हाताने घाल." ते तर घालणारच होते.

तांदूळ घोटीचा इंद्रायणी घेतला. कोलम किंवा बासमती मोकळा होतो. लहान मुलांच्या हाताला मोकळा भात धरत नाही, घास सांडतो. इंद्रायणी शिजल्यावर चिकटसर होतो, वासाचा असतो, आणि खिचडी थोडी गार झाली तरी खाववते. तांदूळ आणि डाळ मिळून पाऊण किलो पुरेल असा अंदाज केला, घरची मोठी माणसं धरून. डाळ आधी कोरडीच मंद भाजून घ्यायची, खमंग वास सुटेपर्यंत. मग तुपात जिरं, हिंग, हळद, सोललेला मटार, धुतलेले डाळ-तांदूळ, आणि पाणी उकळतं. मटार बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारातून आणला होता, शेंगा हिरव्यागार, दाणे इतके कोवळे की सोलता सोलता निम्मे लेकीच्या पोटात गेले. जोडीला कढी, आणि भाजलेले नागलीचे पापड.

केकचं वेगळंच झालं. पायजमा पार्टीचे केक हल्ली पलंगाच्या आकाराचे मिळतात, वर साखरेचं रंगीत पांघरूण आणि त्याखाली झोपलेली बाहुल्यांसारखी मुलं. फोटोत फार गोड दिसतात. पण त्या साखरेच्या जाड थरात कधी कधी जिलेटिन असतं, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून निघतं. शिवाय बेकरीत शेजारच्या टेबलावर दाण्याची चिक्की कुटली जात नसेल याची खात्री कोण देणार? म्हणून केक घरीच, बिनअंड्याचा रव्याचा, दही आणि दुधातला, चौकोनी टिनमध्ये. पलंगाचं पांघरूण ओल्या नारळाच्या बर्फीचं केलं. बर्फीचं मिश्रण कोमट असतानाच तूप लावलेल्या प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून पोळीसारखं लाटायचं. केशर घातल्याने ते छान पिवळं झालं. उशा त्याच बर्फीच्या. आणि उशांवर डोकी म्हणून पेढे, उत्सवमूर्ती धरून बारा. मिटलेल्या डोळ्यांसाठी प्रत्येक पेढ्यावर केशराच्या दोन काड्या, जराशा वाकवून. हे काम लेकीने आणि सासूबाईंनी मिळून केलं. सासूबाईंचा चष्मा नाकाच्या टोकावर, हातात भुवया कोरायचा चिमटा, अर्थात नवा. एका पेढ्याचा एक डोळा उघडा राहिला होता, लेक म्हणाली, "असू दे, हा मी आहे, मी झोपणारच नाहीये."

औक्षण पायजम्यातच झालं. सासूबाईंची एकच अट होती, अंगावर काहीतरी नवं हवं, आणि पायजमा नवा होता, चांदण्यांचा. पाटावर बसवून कुंकू लावलं, सुपारी आणि अंगठीने ओवाळलं, निरांजन फिरवलं. बाकीची मुलं उश्या कवटाळून गोल करून बघत होती. देवळालीच्या मुलीने हे पहिल्यांदाच पाहिलं असावं. "मलापण," म्हणाली. मग सासूबाईंनी तबक घेऊन सगळ्यांनाच ओवाळलं.

लेकीची आणखी एक मागणी होती. अंथरुणात बसून खायचं. एरवी आमच्या घरात याला सक्त मनाई आहे, सासूबाईंच्या मते अन्न अंथरुणावर नेणं म्हणजे अन्नाचा अपमान, आणि माझ्या मते मुंग्यांना आमंत्रण. पण पायजमा पार्टीचा सगळा आनंद मुलांच्या दृष्टीने त्या एका सवलतीत असतो, हे मला पटलं. जेवण खाली सतरंजीवरच. मात्र जैन मुलीला खाता येईल अशा वेळेत, जेवणानंतर लगेच, गाद्यांवर जुनी गोधडी पसरून तिथे खाऊ द्यायचा असं ठरलं. गादीवरचा खाऊ सांडणारा नको, ठिबकणारा नको. चिवडा बाद, फरसाण बाद. राहिली गूळपोळी, नुसत्या तिळाच्या कुटाची आणि खसखशीची, कात्रीने शंकरपाळ्यासारखी कापलेली. आणि द्राक्षं.

नाशिकचं मूल द्राक्ष घडावरून तोडून खातं, त्याला कुणी कापून देत नाही. पण एका मुलीबरोबर तिचा तीन वर्षांचा भाऊ येणार होता. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अख्खं द्राक्ष अडकू शकतं. ते गोल असतं, सालीने गुळगुळीत असतं, आणि श्वासाच्या वाटेवर अगदी बुचासारखं बसतं. गादीवर लोळत, हसत खाताना तर जास्तच. डॉक्टर सांगतात ते असं की, लहान मुलांना द्राक्ष उभं कापून त्याच्या चार फाका करून द्याव्यात. आडवं कापलं तर चकती गोलच राहते. पॉपकॉर्नलाही याच कारणासाठी फाटा दिला. आता बाकीच्यांना अख्खी आणि एकाला कापलेली असं पुन्हा वेगळं कशाला, म्हणून सगळीच कापली. सोनाकाची लांबट द्राक्षं होती, मिठाच्या पाण्यातून धुतलेली. मी आणि नवरा रात्री टीव्हीसमोर बसून कापत होतो. पातळ सुरीने सालीवरची पांढुरकी लव पुसत चिरायचं, आतला गर काचेसारखा चमकतो, बोटं चिकट होतात. ज्या तालुक्यांत एवढी द्राक्षं पिकतात तिथे ही खबरदारी प्रत्येक घराला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. अंगणवाडीच्या भिंतीवर एक चित्र लावलं तरी पुरे.

साखरेबद्दल थोडं. "इतकं गोड देऊ नकोस, रात्रभर धुमाकूळ घालतील," असं मला जवळजवळ प्रत्येकीने सांगितलं. हा समज जगभर आहे. १९९५ साली यावरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आला. त्या प्रयोगांत कुणाला साखर मिळाली आणि कुणाला साखरेऐवजी दुसरं गोड, हे ना मुलांना माहीत होतं, ना आईबापांना, ना बघणाऱ्यांना. साखरेमुळे मुलांच्या वागण्यात फरक पडल्याचं त्यातून दिसलं नाही. मुलं उड्या मारतात ती वाढदिवस असतो म्हणून, मित्र जमलेले असतात म्हणून. दातांसाठी आणि पोटासाठी साखर बेतानेच द्यावी, ते वेगळं. चॉकलेट मी टाळलं, कारण कोकोमध्ये थोडं का होईना कॅफिन असतं आणि मला पोरांना नऊपर्यंत झोपवायचं होतं.

आता ते भरवण्याचं. त्यावर उत्तर सासूबाईंनीच काढलं. त्यांना मी फक्त एवढंच सांगितलं होतं की एका मुलाला भरवावं लागेल. कोणता, ते सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही. साडेपाचला मुलं सतरंजीवर गोल करून बसली आणि मध्ये सासूबाई मोठी पितळी परात घेऊन बसल्या. परातीत खिचडी, मध्ये आळं करून त्यात तूप, बाजूला कढीची वाटी. त्यांनी खिचडी हाताने कालवली आणि गोल फिरत प्रत्येकाच्या तोंडात एकेक घास द्यायला सुरुवात केली. "हा चिऊचा. हा काऊचा. हा पोपटाचा, आणि हा कोण बाई, हा वाघाचा, मोठा आ कर." दुसऱ्या फेरीला मुलं स्वतःच आपापले प्राणी सांगायला लागली. डायनासोर झाला, जिराफ झाला, कुणीतरी स्कूलबसचा ड्रायव्हर झालं. हातात चमचे होते, ते तसेच राहिले. मी कढईतली खिचडी परातीत भरत होते, एवढंच माझं काम. ज्या मुलाची काळजी होती तो जिराफ होता. मान उंच करून घास घ्यायचा आणि हसायचा, तांदळाचं शीत हनुवटीला. बाकी दहाही तेच करत होती.

जैन मुलगी वाघ होती आणि तिने सगळ्यांत जास्त खाल्लं. सूर्य मावळायच्या आत परात रिकामी झाली, केक कापून झाला, ज्याने त्याने आपला झोपलेला पेढा उशीसकट उचलला. मग गोधडीवर गूळपोळी आणि द्राक्षांच्या फाका. उरलेला उजेड बघत वाघीण मला म्हणाली, "काकू, अजून एक पोळी, लवकर!"

रात्री साडेआठला दूध. घरी दूध-पोळी खाणाऱ्या मुलांना त्याशिवाय झोप येत नाही, हे मी फोनवर ऐकलेलं होतं. दीड लिटर दूध, वेलची, थोडी साखर, आणि वर जायफळ. सुका मेवा नको. त्या वेळी जैन मुलीला काय द्यायचं याचा मी बराच विचार केला होता. उकळून गाळलेलं पाणी तिला चालतं, ते तिच्या फुलपात्रात होतंच. पण हातात काहीतरी काम असलं की माणूस पंगतीतून वगळल्यासारखं राहत नाही, म्हणून जायफळ तिच्याकडे दिलं. छोटी किसणी आणि अख्खं जायफळ. झोपेसाठी दुधात जायफळ घालायची आपल्याकडची जुनी रीत आहे, पण ते अगदी थोडं, जास्त झालं तर बाधतं. मी तिला दाखवलं, एका फुलपात्रावर एकदाच किसणी ओढायची. तिने ते इतक्या काटेकोरपणे केलं की एक मुलगा अजून मागायला आला तेव्हा ठाम नाही म्हणाली.

काही मुलं नऊला घरी गेली, सहा जण राहिली. रात्री एकजण रडला, आईची आठवण आली म्हणून. नवऱ्याने त्याला गॅलरीतून पांडवलेण्याच्या डोंगराची काळी रेघ दाखवली, मग झोपला. एका डोळ्याचा पेढा झालेली आमची लेक सगळ्यांत आधी झोपली होती.

सकाळसाठी मुलांना नागलीची घावनं आणि न्यायला येणाऱ्या आईबापांना मिसळ असा बेत होता. रविवारची सकाळ आणि नाशिकचे पालक, दुसरं काही दिलं असतं तर शोभलं नसतं. काळ्या मसाल्याचा रस्सा मात्र मी मुलं जागी व्हायच्या आत वेगळ्या शेगडीवर केला, तेल सूर्यफुलाचं, आणि फरसाणाचं पाकीट दोनदा वाचून दाणे नसलेलं आणलं. पापड, दही, पाव. एक बाबा तर्रीचा भुरका मारून म्हणाले, काल रात्री खिचडी आणि आज हे, म्हणजे तुम्ही आधी पोटं साफ करून घेतलीत. गोरखपूरची आई मात्र खिचडीबद्दलच विचारत राहिली, तिला डाळ भाजायची युक्ती नवी होती.

नागलीचं पीठ सुरगाण्याच्या बाईंनी त्यांच्या माहेरचं पाठवलं होतं, हातात घेतलं तरी थंड आणि मऊ. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदूळ-गहू तिच्या जवळपासही येत नाहीत, आणि वाढत्या हाडांना दुसरं काय हवं असतं? फक्त नागलीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे घावन उलटताना फाटतं. याचीच चौकशी त्या सकाळी दोघी-तिघींनी केली, म्हणून प्रमाण इथे लिहून ठेवते. एक वाटी नागलीचं पीठ, अर्धी वाटी तांदळाचं, पाव वाटी कणीक. अर्धी वाटी चिरलेला गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, गुळात खडे असतात. चिमूटभर मीठ, वेलची, आणि ताकाइतपत पातळ होईल एवढं पाणी. अर्धा तास झाकून ठेवा. बिडाचा तवा चांगला तापला की तुपाचं बोट फिरवून पीठ बाहेरून आत ओतत या, झाकण ठेवा, आणि कडा स्वतःहून सुटेपर्यंत त्याला हात लावू नका. मुलांसाठी तळहाताएवढीच घाला. त्यात वेलची केळं गुंडाळलं की केळ्याचं डोकं तेवढं बाहेर दिसतं, आणि पायजम्यातली मुलं ते खायच्या आधी त्याला दोनदा गुड मॉर्निंग म्हणतात.